लोखंडी कॉर्सेटची अफवा

रेनेसान्सकाळातल्या युरोपात बायका लोखंडी कॉर्सेट घालून कंबर आवळत, हे अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. संग्रहालयांत अशा लोखंडी चोळ्या दिसतात, हे खरं. पण फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआझ पारे यांनी असं साधन वाकलेल्या पाठीसाठी सांगितलं होतं. रोजच्या नटण्यासाठी नव्हे.

मग अंगात काय असे? इटलीतल्या फ्लोरेन्सची डचेस (ड्यूकची पत्नी) एलेओनोरा दि तोलेदो १५६२ मध्ये वारली. तिच्या थडग्यात लाल मखमलीची, पुढून हुकांनी बंद होणारी चोळी मिळाली. लोखंडाचा सांगाडा नाही. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या १६०३ च्या अंत्ययात्रेत शवपेटीवर ठेवलेल्या तिच्या पुतळ्यावरची चोळी कापडीच, फक्त शिवलेल्या नळ्यांत देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या.

त्यामुळे त्या काळचा पोशाख आज शिवायचा असेल, तर बेतताना सगळा जोर चोळीच्या अस्तरावर द्या. दोन पदरी जाड लिनन अंगासरशी बसलं, की निम्मं काम झालं. घागऱ्याच्या लांब शिवणी खुशाल मशीनवर मारा, आत कोण बघतंय! चोळीची दोरी ओवायची भोकं मात्र हातानंच: टोच्यानं धागे न तोडता बाजूला सारायचे आणि कडेनं दाट टाके घालायचे. कात्रीनं कापलेलं भोक ताण पडला की उसवतं.