कार्डिओ यंत्रांवरील व्यायाम : पावलांचा त्रास व प्रतिबंध

ट्रेडमिल, एलिप्टिकल (क्रॉस ट्रेनर), स्थिर सायकल, स्टेअर क्लायंबर आणि रोइंग मशीन यांवर व्यायाम करताना पावलांना होणारा त्रास अनेक प्रकारचा असतो. बोटे बधीर होतात, मुंग्या येतात, चवडा जळजळतो, टाच दुखते, कातडी घासून फोड येतात किंवा पोटरीत गोळा येतो. यांतल्या बहुतेक तक्रारी निरुपद्रवी असतात. यंत्रावरून उतरून बूट सैल केले की काही मिनिटांत त्या जातात. तरीही त्यांकडे दुर्लक्ष करू नये, कारण पावलांच्या त्रासामुळे पुष्कळ लोक नुकती लागलेली व्यायामाची सवय सोडून देतात आणि हा त्रास जवळजवळ नेहमी टाळता येण्यासारखा असतो.

त्रासाचे मूळ

चालण्याच्या एका आवर्तनात पाऊल साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असते. हवेतल्या त्या वेळात तळव्यावरचा दाब पूर्ण सुटतो, रक्त पुन्हा खेळते आणि चेतातंतू मोकळे होतात. शिवाय रस्त्याचा चढउतार, वळणे आणि खाचखळगे यांमुळे प्रत्येक पाऊल थोडे वेगळे पडते. यंत्रावर हे घडत नाही. एलिप्टिकलवर पाऊल पायपट्टीवरून उचललेच जात नाही, सायकलवर आणि रोइंग मशीनवर ते पट्ट्याने जखडलेले असते आणि ट्रेडमिलवर ते उचलले गेले तरी हजारो वेळा एकाच कोनात, एकाच जागी पडते. म्हणून दाब किती आहे यापेक्षा तो एकाच जागी किती वेळ टिकून राहतो हे महत्त्वाचे ठरते. सांध्यांना धक्का न देणारे सौम्य यंत्र म्हणून एलिप्टिकल सुचवले जाते ते योग्यच आहे. मात्र धक्का टाळणारी त्याची रचनाच पावलाला विसावा मिळू देत नाही.

बोटांना संवेदना पुरवणारे चेतातंतू चवड्याच्या लांब हाडांच्या टोकांमधून, त्या टोकांना जोडणाऱ्या आडव्या अस्थिबंधाखालून बोटांकडे जातात. बूट चवड्यापाशी अरुंद असेल तर हाडे एकमेकांकडे दाबली जातात, वरून शरीराचा भार येतो आणि मधला चेतातंतू चेपतो. व्यायामात पाऊल गरम होऊन सुजते, त्यामुळे सुरुवातीला नेमका बसणारा बूट काही वेळाने आवळू लागतो. बऱ्याच जणांना दहा-पंधरा मिनिटे ठीक जातात आणि मग बोटे झोपतात, त्याचे एक कारण हेच.

बधीरपणा नेमका कुठे येतो यावरून कारणाचा माग लागतो. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांमध्ये जळजळ किंवा बुटात खडा असल्यासारखे वाटत असेल तर चवड्यातला चेतातंतू चेपत आहे. हे वारंवार होऊन तो जाड झाला की त्याला मॉर्टन न्यूरोमा म्हणतात. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांमधली बेचकी बधीर होत असेल तर बहुधा लेस पावलाच्या वरच्या बाजूला आवळते आहे, कारण त्या जागेचा चेतातंतू तिथूनच वरवर जातो. सायकलवर मांडीपासून पूर्ण पाय बधीर होत असेल तर बूट बदलून उपयोग नाही, सीटची उंची आणि कोन पाहावा लागतो.

बूट, मोजे आणि लेस

बुटाचे माप संध्याकाळी, उभे राहून आणि दोन्ही पावलांचे घ्यावे. मोठ्या पावलाला बसेल तो बूट घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे १ ते १.५ सेंटीमीटर जागा हवी, आणि सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असे नाही. पुष्कळांचे दुसरे बोट लांब असते. रुंदी तपासायची साधी रीत अशी : इनसोल (बुटातला सुटा तळ) बाहेर काढून जमिनीवर ठेवावा व त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहावे. चवडा इनसोलच्या कडेबाहेर जात असेल तर बूट अरुंद आहे. लांबी एका मापाने वाढवून ही अडचण नीट सुटत नाही, टाच मात्र सैल होते. त्याच मापाचा रुंद बूट शोधावा.

पाऊल दुखते म्हणून जेलचा जाड इनसोल आत घालणे हा सर्वाधिक केला जाणारा आणि बहुतेक वेळा उलटणारा उपाय आहे. बुटाच्या आतली जागा तेवढीच राहते, पाऊल वर उचलले जाते आणि वरची बाजू लेसखाली अधिक चेपते. नवा इनसोल घालायचाच असेल तर आधीचा काढून घालावा. चवड्याला आधार देणारी थेंबाच्या आकाराची गादी मिळते, ती उपयोगी आहे. पण ती हाडांच्या टोकांखाली नव्हे, त्यांच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला चिकटवावी लागते. तिथे ती हाडे वर उचलून एकमेकांपासून दूर करते. नेमकी टोकांखाली लावली तर दाब वाढतो, आणि अनेकांची गादी तिथेच लागलेली असते.

लेस सर्व छिद्रांतून सारखी ताणून बांधण्याची गरज नसते. चवड्याजवळच्या दोन ओळी सैल सोडाव्यात आणि घोट्याजवळच्या ओळी घट्ट कराव्यात, म्हणजे टाच हलत नाही आणि बोटे मोकळी राहतात. पावलाचा वरचा भाग उंच असेल तर जिथे दाब जाणवतो त्या ओळीत लेस आडवी न नेता बाजूने सरळ वर न्यावी. टाच निसटत असेल तर सर्वांत वरच्या दोन छिद्रांतून दोन्ही बाजूंना छोटा फास करून समोरची लेस त्यातून ओवावी. सुरुवातीच्या पाच मिनिटांच्या वॉर्मअपनंतर थांबून लेस एकदा पुन्हा बांधणे हा अर्ध्या मिनिटाचा उपाय आहे, आणि बोटे बधीर होण्याच्या तक्रारीत सर्वांत आधी तोच करून पाहावा.

सुती मोजे घाम शोषून ओलेच राहतात. ओली कातडी मऊ पडून लवकर घासते आणि फोड येतो. कृत्रिम धाग्याचे किंवा पातळ लोकरीचे मोजे बरे. बोटांवर जाड शिवण नको. एखादी जागा गरम लागू लागली की तिथे फोड येणार हे समजावे आणि लगेच थांबून चिकटपट्टी लावावी.

पळण्याचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर आतून दबतात. वरून ते नवे दिसले तरी मधला फोम पूर्ववत फुगत नाही. एलिप्टिकल आणि सायकलसाठी अंतराचा हा हिशेब लागू पडत नाही, तिथे सोल एका बाजूला कलला आहे का हे बूट टेबलावर ठेवून मागून पाहावे.

एलिप्टिकल

पावलांच्या बधीरपणाची तक्रार या यंत्रावर सर्वाधिक आढळते. पायपट्टीच्या पुढच्या कडेला बोटे टेकवून उभे राहणे ही नेहमीची चूक. पाऊल दोन-तीन सेंटीमीटर मागे घ्यावे आणि भार टाच व चवडा या दोन्हींवर वाटावा. पट्टी मागे जाताना टाच थोडी उचलली जाणे स्वाभाविक आहे, ती बळेच दाबून धरू नये. मात्र पट्टी पुढे येऊन खाली जाताना टाच टेकलेली असावी आणि जोर टाचेतून द्यावा.

रेझिस्टन्स (यंत्राचा विरोध) जास्त असला की माणूस पुढे झुकतो व चवड्यावर चढतो. चढाची सेटिंग असलेल्या यंत्रावर चढ वाढवला तरी तेच होते. म्हणून त्रास सुरू झाल्यास आधी चढ कमी करावा, नंतर रेझिस्टन्स दोन पायऱ्यांनी उतरवावा. अंग पुढे कलंडून हँडलवर लोंबकळत असेल तर ताठ उभे राहिल्यानेच बराच भार मागे सरकतो.

बुटात बोटे आवळून पट्टी पकडायचा प्रयत्न करणे ही आणखी एक नकळत होणारी गोष्ट. तोल डळमळीत वाटला की पाऊल असे वागते. त्यातून तळव्यात गोळे येतात. दर दोन-तीन मिनिटांनी बोटे बुटात मुद्दाम पसरून पाहावीत; ती पसरत नसतील तर एक तर आवळलेली आहेत किंवा बूट अरुंद आहे.

त्रास सुरू होण्याआधीच दाब मोडणे हा खरा उपाय. पंधराव्या मिनिटाला बोटे झोपत असतील तर दहाव्या मिनिटालाच एक मिनिट उलटे पेडल मारावे, म्हणजे भाराची जागा बदलते. किंवा यंत्र पूर्ण थांबवून एकेक टाच उचलावी, घोटा फिरवावा. यंत्र चालू असताना पाऊल उचलू नये. बधीर झाल्यावर घेतलेली विश्रांती मोठी लागते, आधी घेतलेली छोटी पुरते.

स्थिर सायकल

पेडलचा आस चवड्याच्या सर्वांत रुंद भागाखाली यावा. त्याहून पुढे, बोटांखाली आला तर बोटांवर आणि पोटरीवर ताण येतो. चवड्यात जळजळ होत असेल तर पाऊल किंवा क्लीट (सायकलच्या बुटाच्या तळाला लावलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) दोन-तीन मिलिमीटर टाचेकडे सरकवून पाहावे. सीट जास्त उंच असेल तर तळाशी पोहोचण्यासाठी बोटे खाली रोखावी लागतात आणि दाब चवड्यावरच राहतो. उंची लावण्याची रीत : टाच पेडलवर ठेवून ते सर्वांत खाली न्यावे, गुडघा नेमका सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक येतो, तो योग्य असतो.

पट्टा बूट निसटू नये इतपतच आवळावा. मऊ सोलचा पळण्याचा बूट पेडलवर वाकतो व सगळा दाब अरुंद पट्ट्यात येतो. ताठ सोलचा बूट तो पसरवतो. गतीचाही यात मोठा वाटा आहे. तेवढीच शक्ती ६० ऐवजी ९० फेऱ्या प्रतिमिनिट या गतीने दिली तर प्रत्येक फेरीत लागणारा जोर एक-तृतीयांशाने कमी होतो. रेझिस्टन्स उतरवून पाय जलद फिरवल्यास त्याच मेहनतीत तळव्यावरचा भार घटतो.

ट्रेडमिल

येथे बधीरपणापेक्षा टाच, पोटरी आणि फोडांच्या तक्रारी अधिक. मोठा चढ लावून समोरचा दांडा धरून मागे लोंबकळत चालल्याने व्यायाम घटतो आणि चालही बिघडते. दांडा सोडून चालता येईल इतकाच चढ ठेवावा. चढावर टाच खाली जाते, पोटरी आणि टाचेमागचा कंडरा ताणला जातो. त्याची सवय नसताना एकदम १० ते १५ टक्क्यांचा चढ अर्धा तास लावला की दुसऱ्या दिवशी टाच धरते. पाऊल शरीराच्या फार पुढे टाकू नये, लहान आणि जलद पावले टाकावीत. दर काही मिनिटांनी वेग किंवा चढ थोडा बदलल्याने पाऊल पडण्याची जागा बदलते. अनवाणी चालू नये, पट्टा तापतो आणि कातडी सोलते.

स्टेअर क्लायंबर व रोइंग मशीन

जिन्याच्या यंत्रावर टाच पायरीबाहेर लोंबती ठेवून चढण्याची सवय असते. त्याने पोटरी सतत आवळलेली राहते आणि गोळा येतो. पूर्ण पाऊल पायरीवर ठेवावे, त्यासाठी वेग कमी करावा लागला तर तो करावा.

रोइंग मशीनवर पट्टा चवड्याच्या रुंद भागावरून जायला हवा. तो बोटांवर आला तर पाऊल निसटते, घोट्याजवळ आला तर पुढे येताना टाच उचलता येत नाही. पायफळीची उंची त्याप्रमाणे लावता येते. जाड, मऊ सोलच्या बुटापेक्षा सपाट आणि पातळ सोलचा बूट येथे चांगला. मागे जाताना पायाने पट्टा वर ओढण्याची सवय असेल तर पावलाचा वरचा भाग दुखतो. जोर फळीवर ढकलण्याचा असावा.

कारण शोधण्याचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. पहिल्या दिवशी फक्त लेस सैल करावी. फरक नाही पडला तर पुढच्या वेळी पावलाची जागा बदलावी, मग रेझिस्टन्स, मग मोजे, आणि बूट सर्वांत शेवटी, कारण खर्च त्याचाच जास्त. प्रत्येक वेळी त्रास कितव्या मिनिटाला आणि कोणत्या बोटांत सुरू झाला ते टिपून ठेवावे. बूट बदलूनही तेच होत असेल आणि दुसऱ्या यंत्रावर अजिबात होत नसेल, तर त्या यंत्राच्या पायपट्ट्यांमधले अंतर आपल्या शरीराला जुळत नाही असे समजून यंत्र आलटून पालटून वापरावे.

पोटरी आखडलेली असली की भार चवड्याकडे ढकलला जातो. म्हणून व्यायामानंतर भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ३० सेकंद ताणावी. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, कारण पोटरीतल्या दोन स्नायूंपैकी खोलवरचा स्नायू गुडघा वाकवल्यावरच नीट ताणला जातो. बोटे न आवळता पावलाची कमान उचलून पाच सेकंद धरणे, असे दहा वेळा केल्याने तळव्यातले लहान स्नायू बळकट होतात. याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

बधीरपणा व्यायामानंतर तासन्‌तास टिकत असेल किंवा व्यायाम नसतानाही येत असेल तर तपासणी करावी. मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि कमरेतल्या मणक्याचा दाब ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. हाडाच्या एकाच बिंदूवर बोट ठेवताच दुखत असेल तर ताणामुळे पडलेल्या सूक्ष्म तड्याची शक्यता असते, तेव्हा यंत्र लगेच बंद करावे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या पावलालाच टाच कळवळत असेल तर ते बहुधा टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्यातल्या तंतुमय पट्ट्याचे दुखणे असते. दर वेळी ठरावीक मिनिटांनी नडगीचा भाग दगडासारखा घट्ट होऊन पाऊल उचलता न येणे आणि थांबल्यावर ते ओसरणे, हे स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढल्याचे लक्षण आहे आणि ते बुटाने बरे होत नाही. एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि दुखणे असेल तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा त्याच दिवशी दाखवावे.

मधुमेह असलेल्यांनी त्रास जाणवण्याची वाटच पाहू नये, कारण त्यांच्यापैकी अनेकांना पावलावर फोड झाल्याचे कळतही नाही. व्यायामाआधी बुटात हात घालून आत खडा किंवा उचकटलेली शिवण नाही ना हे चाचपावे, व्यायामानंतर आरसा वापरून तळवे आणि बोटांमधल्या फटी पाहाव्यात, आणि लालसरपणा किंवा फोड दिसल्यास तो भरेपर्यंत पायांवर भार येणारी यंत्रे टाळून फक्त हातांनी चालवायचे यंत्र वापरावे.