लसीकरणाच्या डिजिटल नोंदी : मूल्यमापनाची पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेने १९७४ मध्ये लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू केला, तेव्हा नोंदींचा सगळा भार कागदावर होता. लस टोचली की तक्त्यावर एक उभी रेघ, पाचव्या बाळाला आधीच्या चार रेघांवरून एक आडवी. महिनाअखेरीस या रेघांची बेरीज जिल्ह्याला जाई. त्या बेरजेत बाळाचे नाव उरत नसे. मात्रा किती दिल्या ते समजे, पण पहिली मात्रा घेऊन पुन्हा फिरकलेच नाही असे बाळ कोणते, हे नोंदवहीची पाने उलटल्यावाचून सापडत नसे.

या बेरजेला पैसा जोडला गेला, तेव्हा तिच्या खरेपणाचा प्रश्न ऐरणीवर आला. २००० मध्ये स्थापन झालेल्या ‘गावी’ या गरीब देशांच्या लसीकरणाला निधी देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीच्या तिसऱ्या मात्रेपर्यंत आधीपेक्षा जास्त पोहोचलेल्या प्रत्येक वाढीव बालकामागे २० डॉलर देण्याची योजना आखली. २००८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरकारी आकडे घरोघरच्या सर्वेक्षणांशी ताडून पाहिले गेले. सरकारी अहवालांनुसार वाढीव बालके सुमारे १ कोटी ३९ लाख होती, तर सर्वेक्षणांच्या आधारे ती सुमारे ७४ लाखच भरत होती. या तफावतीचे खापर केवळ लबाडीवर फोडणे मला योग्य वाटत नाही. जुन्या जनगणनेवरून काढलेली लक्ष्यसंख्या, म्हणजे लस द्यायच्या बालकांची अंदाजित संख्या, मुळातच कमी धरलेली असेल, तर प्रामाणिक केंद्राचे लसीकरणही शंभर टक्क्यांच्या वर जाते.

प्रत्येक बाळाची नावानिशी नोंद हा त्यावरचा उपाय जुनाच आहे. उरुग्वेने तो १९८७ मध्येच अंगीकारला होता. कमी उत्पन्नाच्या देशांत मात्र आधी पसरली ती एकत्रित आकड्यांची प्रणाली. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपल्यानंतर सुरू झालेल्या आणि ऑस्लो विद्यापीठाने पुढे नेलेल्या कामातून ‘डीएचआयएस-२’ ही आरोग्य केंद्रांचे आकडे एकत्र करणारी संगणक प्रणाली उभी राहिली. टांझानिया आणि झांबिया या देशांत २०१३ पासून ‘बिड’ या लसीकरणाच्या नोंदी सुधारण्याच्या उपक्रमाखाली बालकनिहाय डिजिटल नोंदवही आकाराला आली.

तेव्हापासून मूल्यमापनाचा रोखही बदलत गेला आहे. किती केंद्रांत टॅब्लेट पोहोचले आणि किती कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळाले, हे मोजणे सोपे असते, म्हणून तेच आधी मोजले जाते. वीज जाते, नेटवर्क मिळत नाही, आणि कागदी नोंदवही बंद करण्याचा आदेश निघालेला नसतो. मग परिचारिका दिवसभर वहीत लिहिते आणि रांग संपल्यावर तीच माहिती पुन्हा पडद्यावर भरते. तिची ही दुहेरी मेहनत खर्चाच्या हिशेबात धरलीच पाहिजे. शिवाय आईकडच्या कार्डावरची तारीख पडद्यावरच्या तारखेशी जुळते का, चुकलेल्या मात्रांची यादी पाहून कोणी त्या घरापर्यंत जाते का, हेही तपासावे लागते. आणि जे बाळ केंद्रात कधी आलेच नाही, त्याचे नाव कोणत्याच प्रणालीत नसते. त्याच्यासाठी आजही घरोघरचे सर्वेक्षण लागते.