बहुपट्टा अवरक्त संवेदक

अवरक्त प्रारणातील दोन किंवा अधिक तरंगपट्टे वेगवेगळे टिपून प्रतिमा घडविणाऱ्या प्रयुक्तीस बहुपट्टा अवरक्त संवेदक म्हणतात. एकाच पट्ट्यात वस्तू उजळ दिसली, तर ती खरोखर अधिक तापलेली आहे की तिची उत्सर्जकताच (प्रारण बाहेर टाकण्याची क्षमता) अधिक आहे, हे सांगता येत नाही. दोन पट्ट्यांतील नोंदी ताडून पाहिल्यास हा संदेह बराच फिटतो.

पुण्यात याचे परिचित उदाहरण म्हणजे शिवाजीनगरचे ‘सिमला ऑफिस’ (भारतीय हवामान खाते) आणि पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था यांच्या कामात येणारी उपग्रहचित्रे. २०१३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डी उपग्रहाच्या प्रतिमकास (चित्रे टिपणाऱ्या उपकरणास) सहा पट्टे असून त्यांपैकी पाच अवरक्त आहेत. रात्रीच्या धुक्यातील बारीक जलबिंदूंची उत्सर्जकता ३.९ मायक्रोमीटरला ११ मायक्रोमीटरपेक्षा कमी असते, त्यामुळे या दोन पट्ट्यांतील तापमानांची वजाबाकी केली की एरवी जमिनीपासून वेगळे न ओळखू येणारे धुके उठून दिसते. दिवसा मात्र परावर्तित सूर्यप्रकाश ३.९ च्या पट्ट्यात मिसळतो आणि ही युक्ती निरुपयोगी ठरते.

अशा उपकरणांत पट्टे वेगळे करण्याचे काम गाळण्या करतात. तेच काम खुद्द पदार्थाकडे सोपविणे, हा या क्षेत्रातील विकासाचा गाभा होय. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये लॉसन व सहकाऱ्यांनी पारा-कॅडमियम-टेल्युराइड या मिश्र अर्धवाहकाचे गुणधर्म प्रसिद्ध केले. त्यातील कॅडमियमचे प्रमाण बदलले की शोषणाची तरंगलांबीची मर्यादा बदलते. म्हणून भिन्न प्रमाणांचे दोन थर एकावर एक वाढविले जातात. प्रारण ज्या बाजूने शिरते तिकडे लघुतरंग शोषणारा थर असतो आणि दीर्घतरंग त्यातून आरपार जाऊन पुढच्या थरात शोषले जातात. या थरांतून बनलेल्या, पाठीला पाठ लावलेल्या दोन डायोडांपैकी कोणता बोलेल हे विद्युत्‌दाबाच्या दिशेवर ठरते. परिणामी दोन्ही पट्टे आळीपाळीने वाचावे लागतात. ते एकाच क्षणी हवे असल्यास प्रत्येक चित्रांशाला (प्रतिमेच्या एकेका बिंदूला) आणखी एक जोडणी द्यावी लागते आणि तेवढी मोलाची जागा खर्ची पडते.

पाऱ्याचे बंध दुर्बल असल्याने हे थर मोठ्या क्षेत्रावर एकसारखे वाढविणे अवघड व महागडे आहे. गॅलियम आर्सेनाइडचे पुंजकूप (इलेक्ट्रॉनांना कोंडून ठेवणारे अतिपातळ थर) आणि इंडियम आर्सेनाइड व गॅलियम अँटिमोनाइड यांची अतिजालके (आलटून पालटून रचलेल्या अतिपातळ थरांच्या चळती) हे पर्याय त्यातूनच पुढे आले. त्यांत पट्टा मुख्यतः थराच्या जाडीवर ठरतो. पुंजकुपांची वाढ सर्वांत सुकर असली, तरी सरळ वरून पडणारे प्रारण ते जवळपास टिपतच नाहीत, म्हणून पृष्ठभागावर बारीक खाचांचे जालक कोरून ते तिरपे वळवावे लागते. दीर्घतरंगी पट्ट्यासाठी यांपैकी बहुतेक संवेदक ७७ केल्विनच्या आसपास थंड ठेवावे लागतात, आणि संवेदकापेक्षा त्याचा शीतकच पुष्कळदा अधिक जागा व वीज घेतो.