वायफाय गेलं की वायर सैल?

सामना साधारण अडीच मिनिटांचा. मैदानात सहा रोबो, प्रत्येक पन्नास किलोच्या वरचा. जोराची टक्कर होते आणि त्यातला एक जागच्या जागी थिजतो. काठावर लॅपटॉप घेऊन उभ्या मुलांपैकी कोणीतरी ओरडतं, "वायफाय गेलं!"

'फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन' ही शाळकरी मुलांची स्पर्धा अमेरिकेत १९९२ साली सुरू झाली. तिथं ही आरोळी नेहमीची. माझ्या मते मात्र बहुतेक वेळा वायफाय बिचारं निर्दोष असतं.

रोबोवर बसवलेला 'रेडिओ' म्हणजे घरातल्या राउटरचाच भाऊ. स्पर्धेच्या ठिकाणी त्यात संघाचा क्रमांक आणि पासवर्ड भरून देतात, म्हणजे तो मैदानातल्या मुख्य यंत्रणेला आपोआप जोडला जातो. नेटवर्कमधले पत्तेही संघाच्या क्रमांकावरूनच ठरतात. संघ १२३४ असेल तर रेडिओचा पत्ता १०.१२.३४.१ आणि रोबोच्या संगणकाचा शेवटचा आकडा २. सेकंदाला पन्नास वेळा लॅपटॉपकडून हुकूम येतो. हुकूम थांबले की रोबो क्षणार्धात स्वतःला बंद करतो. एवढं धूड कोणाच्या ताब्याशिवाय फिरू देणं परवडणारं नाही.

आता वीज. रोबोवर एकच १२ व्होल्टची बॅटरी, मोटरसायकलला असते तशी शिसे-आम्लाची. चाकांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या, किंवा समोरच्या रोबोला रेटताना अडल्या, की दोन-अडीचशे अँपिअर सहज ओढतात. बॅटरीचा आणि तारांचा मिळून रोध ०.०२ ओहम धरा. २५० अँपिअरला गुणा, तर ५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडले! बोअरचा पंप लावला की घरातले दिवे मंदावतात, तसंच हे. म्हणून जुन्या रेडिओंना बॅटरीवरून थेट वीज देत नसत. मध्ये एक व्होल्टेज नियंत्रक असायचा. बॅटरी ७ व्होल्टवर उतरली तरी तो पुढे १२ व्होल्टच देत राहायचा.

पण नियंत्रक कितीही चांगला असला तरी सैल पिनेपुढे त्याचं काही चालत नसे. जुन्या रेडिओंना साधा गोल प्लग असायचा. धक्क्यानं तो पाव सेकंद जरी निसटला तरी रेडिओ बंद. प्लग परत टेकला म्हणून रेडिओ लगेच जागा होत नाही. तोही एक संगणकच, पहिल्यापासून सुरू होणार. त्यात पाऊण मिनिट जातं, म्हणजे सामन्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. मग ग्लू गन, चिकटपट्टी, जे हाताला लागेल ते. २०२५ पासून आलेल्या नव्या रेडिओला दोन वाटांनी वीज देता येते. एक तुटली तरी दुसरी चालू.

वायफाय कधीच दोषी नसतं असं नाही. २०१२ साली सेंट लुईसच्या अंतिम सामन्यांत रोबो एकामागून एक गप्प झाले. चौकशीत निघालं, की एक जण मोबाइलवरून रोबोंच्या नेटवर्कला चुकीच्या पासवर्डनं जोडायचा प्रयत्न करत होता आणि यंत्रणेतल्या दोषामुळे खरा रोबोच बाहेर फेकला जात होता. त्याच चौकशीत काही रोबोंचे स्वतःचे दोषही उघडे पडले, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

रेडिओ ॲल्युमिनियमच्या पेटीत दडवणाऱ्यांना काय म्हणावं? या लहरींची लांबी जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर. धातू त्यांना सरळ परतवून लावतो. जागा उंचावर, मोकळ्यावर, मोटरींपासून लांब हवी.

आणि भांडण्याआधी लॉग उघडावा. लॅपटॉपवर व्होल्टेजचा आणि हरवलेल्या हुकमांचा आलेख जपून ठेवलेला असतो. संपर्क दोन-तीन सेकंद तुटून आला असेल तर हवेत काहीतरी बिनसलं असेल. चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची सलग पोकळी दिसली, तर स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि रेडिओची प्रत्येक वायर जरा ओढून बघा.