तेल, बाम की मेण? दाढीच्या डब्यांमागचा इतिहास

'दाढी केली' असं आपण म्हणतो तेव्हा चेहऱ्यावर दाढी उरलेली नसते. जी वाढवायची तिच्यासाठी मराठीत वेगळी क्रियापदं आहेत. दाढी राखतात, ठेवतात, वाढवतात. नुसती 'दाढी' म्हटलं की मात्र ती काढण्याचं काम डोळ्यासमोर येतं, आणि गेली शंभरएक वर्षं बाजारानंही पुरुषाच्या चेहऱ्याकडे असंच पाहिलं. साबण, ब्रश, पाती, तुरटी, आफ्टरशेव्ह हे सगळं दाढी काढणाऱ्यासाठी. राखणाऱ्यासाठीची बाटली आपल्याकडे फळीवर आली ती जेमतेम दहा वर्षांपूर्वी. त्यामुळे आज दाढी ठेवू पाहणारा मुलगा मेडिकलमध्ये किंवा मोबाइलवर तेल, बाम, वॉश, वॅक्स, सीरम अशी रांग पाहून गोंधळतो, आणि घरात विचारावं तर वडील रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून कामाला जाणारे. यातली कुठली वस्तू कुठून आणि कशासाठी आली, हे कळलं की निवड पुष्कळ सोपी होते. म्हणून हा मागोवा.

सुरुवात बरीच मागून करावी लागेल. चरकसंहितेत दिनचर्येच्या ओघात केस, श्मश्रू (म्हणजे दाढी-मिशा) आणि नखं पंधरवड्यातून तीनदा कापावीत असं सांगितलं आहे. म्हणजे साधारण पाच दिवसांनी एकदा. पुढे गावगाड्यात हे काम न्हावी या बलुतेदाराकडे होतं आणि त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, नराणी, पाण्याची वाटी आणि आरसा असा ऐवज असे. तेल लागे ते डोक्याच्या मालिशीला. दाढीला लावायचं असं काही त्यात नव्हतं, कारण बहुतेक मराठी हिंदू घरांत दाढी वाढायची ती कारणानं: श्रावण पाळला म्हणून, सुतक आहे म्हणून, नवस बोलला म्हणून, नाहीतर माणूस अंथरुणाला खिळला म्हणून. कारण संपलं की दाढी जायची. जी गोष्ट महिनाभरात जाणारच आहे तिची निगा कोण कशाला राखेल?

मिशीचं तसं नव्हतं. ती कायमची, म्हणून तिच्याभोवती भाषाही फुलली. पिळदार, झुपकेदार, आकडेबाज, तलवारकट. घरची परिस्थिती बेताची असताना बाहेर थाट दाखवणाऱ्याबद्दल मिशीला तूप लावण्याचा वाक्प्रचार आहे. त्यातली थट्टा सोडून दिली तरी एक माहिती उरते. मिशी चमकावी आणि वळावी म्हणून स्निग्ध पदार्थ लावायची कल्पना इथल्या माणसाला जुनीच आहे.

आणि दाढी कायमची राखणारे लोकही इथेच होते. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली जी चित्रं आज युरोपातल्या संग्रहांत आहेत, त्यांत नीट कातरलेली, हनुवटीखाली टोकदार होत गेलेली दाढी दिसते. तसं टोक आपोआप येत नाही, त्यामागे कात्री आणि कंगवा असतो. मुस्लिम घरांत दाढीला कंगवा, तेल, अत्तर आणि पिकल्यावर मेंदी हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अत्तराचा जुना आधार चंदनाचं तेल, म्हणजे सुगंध आणि स्निग्धता दोन्ही एकाच कुपीत. शिखांनी दाढी बसवण्याची तर पूर्ण पद्धतच तयार केली. दाढी विंचरून, फिक्सो म्हणजे केस बसवणारं चिकट जेल लावून, वर ठाठा नावाची कापडी पट्टी बांधायची आणि ती वाळेपर्यंत थांबायचं. ब्रँडच्या जाहिराती दाढीच्या निगेला परदेशातून आलेली नवी गोष्ट म्हणून दाखवतात, ते मला खटकतं. ज्यांना दाढी राखायची होती त्यांच्याकडे ज्ञान होतं. आपण शेजाऱ्याला विचारलं नाही, एवढंच.

आता युरोपाकडे वळू, कारण डब्यातलं मेण त्या वाटेनं आलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये दाढीची लाट आली. क्रिमियाच्या युद्धातून, म्हणजे १८५३ ते १८५६ च्या काळात, सैनिक दाढ्या घेऊन परतले आणि दाढी शौर्याची खूण ठरली. याच सुमारास, १८५४ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतल्या गोऱ्या शिपायांना मिशा राखण्याचा हुकूम निघाला. हिंदुस्थानी शिपाई मिशीशिवायच्या पुरुषाला मान देत नाहीत, असा गोऱ्या अधिकाऱ्यांमध्ये समज होता. १८६० पासून सबंध ब्रिटिश सैन्यात वरचा ओठ भादरायला मनाई झाली आणि ती १९१६ पर्यंत टिकली. लाखो माणसांना मिशा सक्तीच्या झाल्यावर त्या सावरायला काहीतरी लागणारच. मधमाशीचं मेण, थोडी चरबी किंवा तेल आणि सुगंध यांचं मिश्रण तेव्हा हंगेरियन पोमेड वगैरे नावांनी खपत होतं. आज छोट्या चपट्या डबीत मिळणारं मिशीचं वॅक्स हे तेच. दीडशे वर्षांत त्यात फारसा फरक पडलेला नाही.

मग सगळं उलटं फिरलं. अमेरिकेत किंग जिलेट यांचा फेकून द्यायच्या पात्यांचा रेझर १९०३ साली विक्रीला आला. पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर गेले. पण पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला, मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायला हवा म्हणून हनुवटी साफ हवी झाली, आणि अमेरिकी सैन्यासाठी ३५ लाख रेझर व ३ कोटी ६० लाख पाती मागवली गेली. युद्धावरून परतलेला तरुण रोज घरी दाढी करायची सवय घेऊन आला. तिथून पुढे कचेरी म्हणजे सफाचट चेहरा हे समीकरण जगभर पसरलं.

आपल्याकडे हा काळ अजून आठवणीत आहे. सेव्हन ओक्लॉक, टोपाझ, विल्किन्सन ही नावं घरात बोलली जायची. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पात्यांचा मोठा कारखाना होता. गोव्यात बनणाऱ्या ओल्ड स्पाइसचा वास म्हणजे लग्नाला निघालेले काका. १९९० च्या दशकात एड्सच्या धास्तीनं सलूनमधला धार लावून वापरायचा वस्तरा मागे पडला. दुधारी पातं कागदासकट मधोमध मोडायचं, 'कट्' असा आवाज होतो, आणि अर्धं पातं उस्तऱ्याच्या खाचेत सरकवायचं. आजही चांगला कारागीर हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत करतो.

दाढी परत आली ती या शतकात. २००३ साली मेलबर्नमध्ये ३० जणांनी नोव्हेंबरभर मिशा वाढवल्या, त्यातून मूव्हेंबर ही पुरुषांच्या आरोग्याची चळवळ उभी राहिली. २०१० नंतर अमेरिकेत खास दाढीच्या तेलाचे छोटे व्यवसाय निघाले आणि काही वर्षांतच लाट भारतात पोचली. अहमदाबादच्या बिअर्डोमध्ये २०१७ साली मुंबईच्या मॅरिकोनं ४५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२० मध्ये ती पूर्ण ताब्यात घेतली. पॅराशूट खोबरेल विकणाऱ्या कंपनीला दाढीच्या तेलात पैसा दिसला, ही साधी गोष्ट नाही. उलट बाजूला, जिलेटची मालक असलेल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलनं २०१९ मध्ये त्या व्यवसायाचं मूल्य ८ अब्ज डॉलरनी कमी करून दाखवलं. चलनाचे दर हे मोठं कारण होतंच, पण पुरुष पूर्वीइतक्या वेळा दाढी करत नाहीत हेही त्यात होतं. त्यानंतर टाळेबंदी आली. महाराष्ट्रात २८ जून २०२० ला सलून उघडली ती केस कापण्यासारख्या मोजक्या कामांपुरती, दाढी करायला परवानगी नव्हती. तोवर तीन महिने घरी बसून अनेकांना आरशात स्वतःची पूर्ण वाढलेली दाढी आयुष्यात पहिल्यांदा दिसली होती.

मी त्यांच्यातलाच एक. तिसऱ्या आठवड्यात हनुवटीखाली खाज सुटली आणि काळ्या टीशर्टवर पांढरा कोंडा दिसू लागला. मी एका कंपनीचं 'वाढीचं' तेल मागवलं. दोन दिवसांत गालावर लाल चट्टे उठले. बाटलीवरची घटकांची यादी तेव्हा कुठे नीट वाचली. दालचिनी आणि पुदिन्याची अर्कं त्यात ठासून भरली होती. जळजळ म्हणजे 'काम करतंय' असं विकणाऱ्यानं समजावलं होतं. ते खरं नव्हतं. वरून लावलेल्या साध्या तेलानं नवा केस उगवत नाही. दाढी किती आणि कुठे येणार हे अनुवंश, संप्रेरकं आणि वय ठरवतात. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबावरचं औषध. केस वाढणं हा त्याचा दुष्परिणाम होता, म्हणून अमेरिकेत १९८८ मध्ये ते टकलावर लावायला मंजूर झालं. दाढीसाठी त्याला तशी मान्यता नाही. ते औषध आहे, तेल नव्हे, आणि त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय लावू नये.

मग तेल कशासाठी? त्वचेतल्या तैलग्रंथी जेवढं तेल देतात तेवढंच देतात. केस वाढत गेला की ते त्यावर पसरतं आणि बुडाशी त्वचा कोरडी पडते. खाज तिथली. म्हणून तेल केसांना वरवर चोपडायचं नसतं, बोटांच्या टोकांनी मुळाशी न्यायचं असतं. आंघोळीनंतर दाढी ओलसर असताना चार-पाच थेंब पुरतात. बाजारातल्या बहुतेक तेलांत जोजोबा असतं. हे मुळात तेल नाही, द्रवरूप मेण आहे, आणि आपल्या त्वचेच्या तेलातही मेणाचा मोठा अंश असल्यानं ते चेहऱ्यावर हलकं बसतं. त्याला मागणी आली ती १९७० च्या दशकात. अमेरिकेनं स्पर्म व्हेलच्या तेलाच्या आयातीवर बंदी घातली आणि वाळवंटातल्या या झुडपाच्या बियांकडे लक्ष गेलं. आता राजस्थानातही त्याची लागवड होते.

घरचं खोबरेल चालेल का, हा हमखास येणारा प्रश्न. केसासाठी ते उत्तमच. २००३ साली मॅरिकोच्याच संशोधकांनी, म्हणजे विकणाऱ्यांनीच, दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि प्रथिनांचं नुकसान कमी करतं, तर सूर्यफूल आणि खनिज तेल तसं करत नाहीत. पण गालाची त्वचा म्हणजे डोकं नव्हे. ज्याला मुरमं येतात त्याची छिद्रं खोबरेलानं बुजू शकतात, आणि कोंडा असेल तर तो करणाऱ्या बुरशीला तेल हेच खाद्य. कोरड्या, निरोगी त्वचेच्या माणसानं खोबरेल खुशाल वापरावं, तेही मोजकं.

बामकडे मात्र मी जरा थांबणार आहे. मराठी घरात बाम म्हणजे डोकेदुखीवरचा. अमृतांजन १८९३ साली मुंबईतच सुरू झालं, तेव्हापासून हा शब्द कपाळाला चिकटला आहे. दाढीचा बाम वेगळा. त्यात तेल, एखादं घट्ट वनस्पतिजन्य लोणी आणि मधमाशीचं मेण असतं. परदेशी डब्यांवर शिआ किंवा कोको लिहिलेलं दिसतं, आणि हल्ली काहींवर कोकम बटरही. हे म्हणजे आपलं भिरंडेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारा स्नेह काढून हातानं त्याचे गोळे वळतात, म्हणून काही ठिकाणी त्याला मुठेल म्हणतात. आजीकडे असा गोळा फडताळात असायचा, साबणाच्या वडीसारखा टणक, पांढुरका, जवळजवळ बिनवासाचा. थंडीत टाचा फुटल्या की ती तो चुलीच्या उबेला धरायची आणि कडा ओली झाली की टाचेवर फिरवायची. आणि मेण? ते तिच्या फणेरपेटीतच होतं. आधी कपाळावर मेणाचं बोट, मग त्यावर कुंकू, म्हणजे ते दिवसभर हलायचं नाही. एक मऊ ठेवतं, दुसरं धरून ठेवतं. बामची सगळी युक्ती एवढीच आहे, आणि त्याचे दोन्ही घटक एकाच मराठी घरात पन्नास वर्षं एकमेकांपासून चार हातांवर पडून होते.

यावरून निवड करता येते. दाढी बोटाच्या पेराहून आखूड असेल तर तेल पुरे. बामला धरायला तिथे काही नसतं. त्याहून लांब झाली आणि गालाजवळ फुलायला लागली की सकाळी बाम. नुसती मिशी ओठावर येत असेल तर वॅक्स, पण त्यात मेण जास्त असतं म्हणून ते त्वचेला चोळू नये. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बाम चिकट वाटतो, तिथे तेलही कमी करावं. विदर्भाच्या कोरड्या थंडीत दोन्ही लागतील. वॉश गरजेचा तेव्हा, जेव्हा अंगाच्या साबणानं चेहरा ओढल्यासारखा होतो. साबण अल्कधर्मी असतो, त्वचा किंचित आम्ल, आणि बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर केसांत अडकून राहतो. सौम्य शाम्पूनंही ते काम भागतं. सीरम नावाखाली काय आहे ते यादी वाचूनच ठरवावं. कलप लावायचा असेल तर आधी कोपराच्या आत ठिपका लावून दोन दिवस वाट पाहावी. कलपातल्या रसायनानं दाढीखाली सूज येऊन डोळे मिटलेला माणूस मी पाहिला आहे.

आमच्या सलूनमध्ये आता आरशाखालच्या फळीवर तुरटीच्या खड्याशेजारी तेलाची बाटली आणि बामची डबी आहे. मागच्या रविवारी कारागिरानं माझी दाढी वीस मिनिटं कोरली. आधी कंगव्यावरून कात्री, मग मशीन, शेवटी गळ्याची रेघ अर्ध्या पात्यानं. पूर्ण दाढी करायला त्याला दहा मिनिटं लागतात. पैसे विचारले तर म्हणाला, "दादा, काढायचे ऐंशी, ठेवायचे दीडशे."