वर्गातला फोन: बंदी कोणाच्या कामी येते?

शाळेत फोन नको म्हणणारे बहुतेक जण शिस्तीपासून सुरुवात करतात. मुलं ऐकत नाहीत, सारखी फोनमध्ये डोकं घालून बसतात, म्हणून फोन काढून घ्या. मला ही सुरुवातच मुलांवर अन्याय करणारी वाटते. चौदा वर्षांच्या मुलाच्या खिशात फोन आहे आणि त्याचं फळ्याकडे लक्ष नाही, यात त्याच्या स्वभावाचा दोष फार थोडा. माणसाचं लक्ष मुळात ज्या रीतीने चालतं, त्याच रीतीने ते चाललेलं असतं. ती रीत समजली की बंदीकडून काय मागावं आणि काय मागू नये, हेही कळतं.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक अंक येत राहतात. प्रत्येक अंकाला कळ दाबायची, फक्त ३ आला की दाबायची नाही. काम कंटाळवाणं, पण नजर हटली की चूक ठरलेली. चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात संशोधकांनी काही जणांना, आधी कल्पना न देता, त्यांच्या स्वतःच्या फोनवर कॉल केले, काहींना मेसेज पाठवले आणि काहींना काहीच पाठवलं नाही. ज्यांचे फोन वाजले किंवा थरथरले त्यांच्या चुका वाढल्या. त्यांनी फोन उचलला नव्हता, मेसेज वाचला नव्हता, तरीही! ‘कोणाचा असेल?’ हा विचार मनात चमकून जाणंच पुरेसं होतं.

हेच गणिताच्या तासाला घडलं तर काय होतं ते जवळून पाहू. फळ्यावर समीकरण आहे, ३क्ष + ७ = २२. शिक्षक सांगताहेत, ७ उजवीकडे नेताना त्याचं चिन्ह बदलतं, म्हणून उजवीकडे १५ उरतात. नेमक्या त्याच वेळी खिशातला फोन थरथरतो. आपण ज्या गोष्टी त्या क्षणी मनात धरून ठेवतो, त्यांची जागा अगदी लहान असते. या स्मृतीला कार्यस्मृती म्हणतात आणि तिच्यात एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात, असा अंदाज आहे. समीकरण, ७, बदललेलं चिन्ह आणि शिक्षकांचं चालू वाक्य एवढ्यानेच ती भरलेली असते. आता ‘कोणाचा असेल?’ आत आलं की काहीतरी बाहेर जाणार. मुलगा दोन सेकंदांत परत येतो, पण फळ्यावरचे १५ कुठून आले हे त्याला कळत नाही. पुढची पायरी त्या १५ वर उभी आहे आणि त्यापुढची तिच्यावर.

शेजारच्या बाकावरच्या मुलीला समीकरणं आधीपासून येतात. तिच्यासाठी ‘बाजू बदलली, चिन्ह बदललं’ ही सगळी क्रिया मिळून एकच गोष्ट आहे, चार सुट्या गोष्टी नाहीत. तिचा फोन थरथरला तरी तिचं फारसं काही सुटत नाही. म्हणजे फोन तोच, तास तोच, पण फटका मात्र जो आधीच धडपडतोय त्याला बसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती शेकडो आणि हजारो मुलांच्या आकड्यांतून पुन्हा दिसते.

फोन बंद करून दप्तरात ठेवला तर पुरे, असं पुष्कळांना वाटतं. २०१७ साली टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांच्या एका अभ्यासाची खूप चर्चा झाली. काही विद्यार्थ्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला, काहींनी खिशात किंवा पिशवीत, काहींनी दुसऱ्या खोलीत. आवाज सगळ्यांचेच बंद होते. विचारशक्तीच्या चाचण्यांत दुसऱ्या खोलीत फोन ठेवणारे सरस ठरले. मात्र नंतर इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत, कुठे परिणाम दिसला तर कुठे नाही. नुसत्या फोनच्या असण्याने बुद्धी कमी होते, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर म्हणून मी विश्वास ठेवणार नाही. वाजलेल्या, थरथरलेल्या, उघडलेल्या फोनबद्दलचा पुरावा त्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

आणि हा त्रास फोनवाल्यापुरता राहत नाही. कॅनडात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण ११ टक्क्यांनी कमी आले. पण जे स्वतः निमूटपणे टिपणं काढत होते आणि ज्यांना फक्त दुसऱ्याचा चाळा चाललेला पडदा दिसत होता, त्यांचे गुण १७ टक्क्यांनी कमी होते! २०२२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या सरासरी ५९ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना तरी इतरांच्या उपकरणांमुळे आमचं लक्ष विचलित होतं. ‘माझा फोन, माझा प्रश्न’ हा युक्तिवाद मला इथेच संपलेला दिसतो.

वयाचाही भाग आहे. मोह आवरायला, बेत धरून ठेवायला मदत करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. बक्षिसाची ओढ मात्र किशोरवयात जोरात असते. फोनचं बक्षीस अनियमित असतं. दहा वेळा पाहिलं तर काही नाही, अकराव्यांदा जिवलग मित्राचा मेसेज. असं अधूनमधून, अवचित मिळणारं बक्षीस सवय सर्वांत चिवट करतं, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांतून फार पूर्वी दाखवलं होतं. त्यात भर म्हणजे एकटं पडण्याची भीती. वर्गाच्या ग्रुपवर सगळे बोलत असताना एकट्याने फोन बाजूला ठेवायचा तर किंमत त्यालाच मोजावी लागते. सगळ्यांचेच फोन एकदम बाजूला गेले तर कोणीच मागे पडत नाही. नियम सर्वांसाठी सारखा हवा तो यासाठी.

जगभर सरकारांचा कल झपाट्याने तिकडे झुकला आहे. फ्रान्सने २०१८ मध्ये साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शाळेत फोन वापरायला बंदी केली. २०२५ च्या जानेवारीत ब्राझीलने देशभर कायदा केला. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाच्या वेळी चारांतल्या एकाहूनही कमी देशांत अशी बंदी होती, २०२४ अखेर हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेलं.

मग बंदीने मार्क वाढतात का? सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास इंग्लंडमधला आहे. बर्मिंगहॅम, लंडन, लेस्टर आणि मँचेस्टर या चार शहरांतल्या ९१ शाळांत बंदीच्या आधीचे आणि नंतरचे निकाल तपासले गेले. सरासरी सुधारणा लहान होती, प्रमाण विचलनाच्या (म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून किती विखुरलेले आहेत, त्या मापाच्या) सुमारे ६ टक्के. पण सर्वांत मागे असलेल्या मुलांत ती १४ टक्के होती आणि पुढच्या मुलांत जवळजवळ शून्य. स्वीडनमध्ये याच धर्तीवर अभ्यास झाला तेव्हा मात्र काहीच फरक दिसला नाही. नॉर्वेत मुलींचे गुण सुधारले, विशेषतः गरीब घरांतल्या मुलींचे, आणि मुलामुलींतली दादागिरी कमी झाली.

या सगळ्या अभ्यासांत एक उणीव आहे. बंदी करणाऱ्या शाळा मुळातच वेगळ्या असू शकतात. ती उणीव भारतातल्या एका अलीकडच्या प्रयोगाने बरीचशी भरून काढली. दहा उच्च शिक्षण संस्थांतल्या जवळपास १७ हजार विद्यार्थ्यांमधून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं नशिबावर सोडून, काहींचे फोन वर्गात शिरताना जमा करून घेतले आणि इतरांचे त्यांच्याजवळच राहू दिले. फोन जमा केलेल्यांचे गुण थोडे वाढले आणि वाढ मुख्यतः मागे असलेल्या व पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत होती. ही मुलं शाळेतली नव्हती, कॉलेजातली होती, तरी निकालाचा कल इंग्लंडमधल्यासारखाच आहे. हुशार मुलांच्या पालकांना ‘आमच्या मुलाला काय फरक पडतो?’ असं वाटतं, ते खरंच आहे. त्यांच्या मुलाला फारसा पडत नाही. पडतो तो त्याच्या मागच्या बाकावरच्याला.

बंदीवर जास्त ओझं टाकणाऱ्यांना मात्र निराश व्हावं लागेल. मुलांची उदासी, अपुरी झोप, घरातली भांडणं हे सगळं शाळेच्या फाटकावर फोन अडवून सुटेल अशी आशा काही जण बाळगतात. २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय प्रकाशनसमूहाच्या एका नियतकालिकात इंग्लंडमधल्या ३० शाळांतल्या १,२२७ मुलांचा अभ्यास आला. कडक नियमांच्या शाळांत फोनचा वापर शाळेच्या वेळात सुमारे ४० मिनिटांनी कमी होता, पण सगळा दिवस धरला तर फरक उरत नव्हता आणि मानसिक स्वास्थ्यातही नव्हता. नॉर्वेतल्या मुलींच्या मानसिक स्वास्थ्याबाबत निष्कर्ष वेगळा निघाला होता, म्हणजे प्रश्न मिटलेला नाही. मला यातून एवढंच दिसतं की शाळा तासाचं लक्ष राखू शकते. रात्री अकरानंतर पांघरुणाखाली चालणारा फोन तिच्या हातात नाही.

अंमलबजावणी कशी होते यावर पुष्कळ काही ठरतं. न्यूयॉर्क शहराने २००६ मध्ये शाळांत फोन आणायलाच मनाई केली. झालं काय, तर कितीतरी शाळांबाहेर व्हॅन उभ्या राहू लागल्या आणि मुलं रोज एक डॉलर देऊन तिथे फोन ठेवू लागली. गरीब मुलांच्या खिशाला चाट बसली, आणि २०१५ मध्ये ती बंदी उठली. फ्लोरिडातल्या एका अलीकडच्या अभ्यासात बंदीच्या पहिल्या वर्षी शाळेतून तात्पुरतं काढून टाकण्याच्या शिक्षा वाढल्या, कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत जास्तच. गुणांतली सुधारणा दुसऱ्या वर्षी दिसली. फोन जवळ सापडला म्हणून मुलाला वर्गाबाहेर ठेवायचं, म्हणजे ज्याचं लक्ष वाचवायचं त्याचाच तास बुडवायचा. त्यापेक्षा फोन ऑफिसात ठेवून शाळा सुटताना परत देणं साधं आणि पुरेसं आहे. शाळेकडे कुलपाची सोय हवी, आणि ती फुकट हवी. मधल्या सुट्टीतही फोन परत देऊ नये असं माझं मत आहे, कारण सुट्टीत सुरू झालेलं बोलणं पुढच्या तासात मनात चालूच राहतं.

अपवाद मात्र आधीच लिहून ठेवलेले असावेत. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या दंडावरचा सेन्सर रक्तातली साखर फोनवर कळवतो. साखर खाली घसरली की वाजणारा तो इशारा वर्गशिक्षकांना ओळखता आला पाहिजे. दृष्टी किंवा श्रवण अधू असलेल्या काही मुलांसाठीही फोन हेच साधन असतं. अशा मुलाला रोज नव्या शिक्षकासमोर आपलं दुखणं सांगत परवानगी मागावी लागू नये. आणि घरून तातडीचा निरोप आला तर तो शाळेच्या ऑफिसातल्या फोनवर कोणीतरी नक्की उचलेल आणि मुलापर्यंत पोचवेल, ही खात्री पालकांना शाळेने पहिल्याच दिवशी द्यायला हवी.