घरच्या घरी मोका: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मडगावातील आमच्या लहानशा दुकानातून कॉफी नेणारे ग्राहक नेहमी विचारतात की, चॉकलेट व दूध घातलेली एस्प्रेसो (दाबाने काढलेली दाट कॉफी), म्हणजे मोका, घरी नीट का साधत नाही. कपाच्या तळाशी चॉकलेटचा गाळ उरतो, वर तेलकट तवंग येतो आणि कॉफीची चव दुधात हरवून जाते. आमच्या अनुभवानुसार या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा क्रमात असते. चॉकलेट दुधात घातले जाते. ते आधी गरम एस्प्रेसोत एकजीव करून घ्यावे आणि दूध सर्वांत शेवटी ओतावे.

याचे कारण साधे आहे. चॉकलेटमधील कोको बटर ३४ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, पण कोकोचे कण स्वतः कशातच विरघळत नाहीत; ते द्रवात केवळ तरंगत राहतात. थोड्याशा दाट आणि कढत एस्प्रेसोत ते जोराने ढवळता येतात व सर्वत्र सारखे पसरतात. फेसाळलेल्या दुधात तसे ढवळायला गेल्यास फेस मोडतो, आणि फेस जपायला गेल्यास चॉकलेट तळाला बसते.

चॉकलेट कोणते घ्यावे

वडीचे चॉकलेट वापरायचे असल्यास ५५ ते ७० टक्के कोको असलेले गडद चॉकलेट घ्यावे. केकच्या सामानाच्या दुकानात ‘कंपाउंड’ या नावाने स्वस्त लाद्या मिळतात. त्यांत कोको बटरऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध असते, आणि कॉफीवर येणारा तवंग पुष्कळदा त्याचाच असतो. केकवर लावण्यासाठी ती लादी उत्तम, पण कॉफीसाठी आम्ही ती सुचवणार नाही. एका कपासाठी १५ ग्रॅम चॉकलेट बारीक किसून घ्यावे आणि त्यावर संपूर्ण एस्प्रेसो एकदम ओतावी. चमचाभरच ओतल्यास चॉकलेटमधील साखर व कोको ओलाव्याने एकमेकांना धरतात आणि त्याचा रवाळ गोळा होतो.

कोको पावडरची रीत मात्र याच्या नेमकी उलट आहे. दोन लहान चमचे कोको, तेवढीच साखर आणि चिमूटभर मीठ कोरडेच एकत्र करावे, त्यावर चमचाभरच गरम एस्प्रेसो घालून गुळगुळीत लेप होईपर्यंत घोटावे आणि मग उरलेली ओतावी. सगळी एकदम ओतली, तर कोरड्या पावडरीच्या गुठळ्या वर तरंगतात आणि नंतर कितीही ढवळले तरी मोडत नाहीत. घटकांच्या यादीत अल्कलीचा उल्लेख असलेली कोको पावडर रंगाने गडद आणि चवीला सौम्य असते. साधी कोको पावडर किंचित आंबट असल्यामुळे तिच्यासोबत जास्त भाजलेली कॉफी घ्यावी. मोकासाठी आम्ही मध्यम ते गडद भाजलेली चिकमगळूरची अरेबिका ही सौम्य जातीची कॉफी देतो आणि ज्यांना दुधातही कॉफी ठळक हवी असते त्यांच्यासाठी तिच्यात रोबस्टा ही अधिक कडक जात थोडी मिसळतो. चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी येथे टाळावी, कारण चिकोरीचा कडवटपणा चॉकलेटच्या चवीवर चढतो.

यंत्र असो वा मोका पॉट

एस्प्रेसो यंत्र असल्यास १८ ग्रॅम पावडरीपासून २५ ते ३० सेकंदांत सुमारे ३६ ग्रॅम एस्प्रेसो काढावी. आमच्या बहुतेक ग्राहकांकडे मात्र मोका पॉट आहे, म्हणजे वाफेच्या दाबाने गरम पाणी कॉफीच्या पावडरीतून वर ढकलणारे भांडे. इटलीत १९३३ साली आलेले हे भांडे गॅसवर चालते, त्यामुळे पावसाळ्यात वीज गेली तरी अडत नाही. यंत्रात साधारण ९ बार दाब असतो, तर यात तो फार तर एक-दोन बार असतो; म्हणून यातून येते ती काटेकोर अर्थाने एस्प्रेसो नव्हे, पण मोकासाठी ती पुरेशी दाट असते. खालच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंत गरम पाणी भरावे, पावडर दाबून न बसवता सपाट करावी, आच मंद ठेवावी आणि खळखळ आवाज सुरू होताच भांडे उतरवावे, कारण शेवटची वाफाळ कॉफी जळकट लागते. लहान पॉट शेगडीच्या चौथऱ्यावर डगमगत असेल तर खाली जाळी ठेवावी. अॅल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर तापत नाही, हे विकत घेण्यापूर्वी लक्षात असावे. या पॉटमधील सुमारे ६० मिलिलिटर कॉफी एका कपाला पुरते.

दूध १२० ते १५० मिलिलिटर घ्यावे. ते ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवावे; भांड्याला हात जेमतेम लावता येतो, ती वेळ झाली असे समजावे. अधिक तापवल्यास दुधाचा गोडवा जातो आणि साय धरते. वाफेची नळी नसेल तर घरातील रवीने घुसळूनही चांगला बारीक फेस येतो. दुधाऐवजी नारळाचा दाट रस वापरून पाहावा, असे आम्ही आवर्जून सांगतो. चॉकलेटशी त्याचे फार छान जुळते, मात्र तो उकळू देऊ नये, कारण उकळल्यावर तो फाटतो.

एप्रिल-मे महिन्यांत थंड मोका हवी असते, आणि तेथे वडीचे चॉकलेट उपयोगी पडत नाही, कारण बर्फ लागताच कोको बटर पुन्हा घट्ट होऊन त्याचे कण होतात. त्यासाठी ५० ग्रॅम कोको, १०० ग्रॅम साखर, १२० मिलिलिटर पाणी आणि चिमूटभर मीठ ढवळत दोन मिनिटे उकळून पाक करून ठेवावा. फ्रिजमध्ये तो दोन आठवडे राहतो. पेल्यात दोन मोठे चमचे पाक, त्यावर गरम एस्प्रेसो, आणि दोन्ही एकजीव झाल्यावरच बर्फ व थंड दूध.

मोका हे नाव येमेनमधील मोखा बंदराचे आहे, जेथून काही शतके जगभर कॉफी जात असे. सूफी संत बाबा बुडन यांनी कॉफीच्या सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, त्याही मोख्याहूनच, अशी परंपरागत कथा आहे. तेव्हा चिकमगळूरच्या कॉफीची मोका आम्हाला विशेष जवळची वाटते.

आपल्याकडील दमट हवेविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. कोको पावडर ओलावा शोषते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी आणि कोरडाच चमचा वापरावा. चॉकलेट आपल्या उन्हाळ्यात बाहेर टिकत नाही, ते हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावे. पण बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. उघडल्यास वडीवर दव जमते, साखर वर येते आणि पांढरट थर धरतो. तो थर बुरशीचा नसून असे चॉकलेट कॉफीत निर्धास्त वापरता येते. कॉफीच्या बिया मात्र फ्रिजमध्ये ठेवू नयेत. एका वेळी महिनाभर पुरतील एवढ्याच न्याव्यात आणि शक्यतो लागतील तशा दळाव्यात. घरी दळण्याचे साधन नसेल, तर दुकानात येताना आपल्याकडे यंत्र आहे की मोका पॉट, एवढे आम्हाला अवश्य सांगावे: यंत्रासाठी दळण अगदी बारीक लागते, पॉटसाठी त्याहून थोडे जाडसर, आणि आम्ही तसे ते दळून देऊ.